गवताचे मशीन, झिजलेले भाग आणि कारागिराची जबान

नवी मुंबईत आता हिरवळीलाही भाव आला आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचे मैदान २००८ पासून देशभर माहीत आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक याच मैदानावर जिंकला. खारघरच्या डोंगराखाली सिडकोचा गोल्फ कोर्स आहे आणि जवळच सेंट्रल पार्क आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्या, कॉलेजे, मोठ्या सोसायट्या, जिकडे पाहावे तिकडे लॉन दिसते. विमानतळाचे गवत तर निव्वळ शोभेचे नसते. ते वाढले की त्यात किडे-उंदीर होतात, त्यांच्यामागे पक्षी येतात आणि पक्षी म्हणजे विमानाला धोका. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून हे कामही आपल्या दारात आले आहे.

एवढे गवत विळ्याने किंवा ढकलायच्या मशीनने आवरत नाही. मोठ्या मैदानावर छोट्या ट्रॅक्टरसारखे मशीन लागते. त्यावर माणूस बसतो, इंजिनाच्या जोरावर पोटाखालची पाती फिरतात आणि एका फेरीत तीन-चार फुटांचा पट्टा साफ होतो. असे मशीन घेताना कमिट्या बसतात, कोटेशने मागवली जातात, किमतीवर घासाघीस होते. पण घेतलेले मशीन टिकवायचे कसे, याची कोणी चर्चा करीत नाही. पाते बोथट झालेले असते, पट्ट्याला चिरा पडलेल्या असतात, बेअरिंग ओरडत असते, तरी माळी बिचारा ओढत राहतो. एके दिवशी मशीन बंद पडते आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली जाते. आमचे म्हणणे असे आहे की यात मालकाचे नुकसान तर आहेच, शिवाय आपल्या फिटर, जॉबर आणि धार लावणाऱ्या कारागिरांचा हातचा रोजगारही आहे, जो उचलायला कोणी पुढे येत नाही.

कापडाशी जुने नाते

आम्ही कापडाचे व्यापारी. गवताच्या मशीनशी आमचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे आणि तो जवळपास दोनशे वर्षांचा आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड गावाच्या आसपास लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. विणून तयार झालेल्या कापडावर जी लव उभी राहते ती एकसारखी छाटण्यासाठी तिथे एक मशीन वापरीत. त्यात एका रुळावर पिळदार पाती बसवलेली असत. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने विचार केला की जी पाती कापडाची लव छाटतात ती जमिनीवरचे गवतही छाटतील. १८३० साली त्याने गवत कापणाऱ्या मशीनचे पेटंट घेतले. आपले फिटर ज्याला स्क्रू पाना म्हणतात, त्या कमी-जास्त होणाऱ्या पान्याचा मानही याच माणसाला दिला जातो. पुढे १९०२ साली इंग्लंडच्याच रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारे मशीन बाजारात आणले.

म्हणजे गवताचे हे मशीन आपल्याच धंद्यातून निघाले आहे. त्याची दुखणीही आपल्या ओळखीची आहेत. ज्याने भिवंडीत माग चालवला आहे, त्याला ती समजायला वेळ लागणार नाही.

मागाचे एकच उदाहरण पाहू. धोट्याला टोला देणारा पिकर ही किरकोळ किमतीची वस्तू आहे. तो झिजला की धोटा सरळ जात नाही. मग धोट्याचे टोक खराब होते, ताण्याचे धागे तुटतात, कापडावर दोष येतो आणि तो ताका आमच्यासारखा व्यापारी भाव पाडून घेतो. शहाणा जॉबर पिकर वेळेवर बदलतो आणि ताका वाचवतो. झिजण्यासाठीच बनवलेला स्वस्त भाग महागड्या भागाची ढाल असतो. ढाल बदलण्यात कंजुषी केली की घाव आत जातो. गवताच्या मशीनलाही हाच कायदा लागू आहे.

पाते

सर्वात आधी झिजते ते पाते. बसून चालवायच्या बहुतेक मशीनमध्ये पाती पंख्यासारखी आडवी फिरतात आणि वेगाच्या जोरावर गवत कापतात. अमेरिकी मानकाने पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातली आहे, म्हणजे ताशी सुमारे साडेतीनशे किलोमीटर. या वेगात बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. फाटलेली टोके एक-दोन दिवसांत पांढुरकी-तपकिरी पडतात आणि लांबून मैदान आजारी दिसते. मालक खताला आणि पाण्याला दोष देतो. दोष पात्याचा असतो.

साधारण वीस-पंचवीस तासांच्या कामानंतर धार पाहावी. जिथे खडे-माती जास्त तिथे आधीच पाहावी. धार मूळ कोनातच लावावी. वस्तऱ्यासारखी पातळ केली तर पहिल्याच खड्याला मुडपते. ग्राइंडरवर पाते निळे पडेपर्यंत तापवू नये, कारण तापलेल्या पोलादाचे पाणी उतरते. धार लावून झाल्यावर पाते मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून पाहावे. एक बाजू खाली झुकली तर त्या बाजूचे थोडे लोखंड अजून काढावे. या तोल पाहण्याला दोन मिनिटे लागतात, पण तो न पाहिल्यास पाते थरथरते आणि ती थरथर सरळ बेअरिंगमध्ये उतरते.

पात्याच्या मागच्या कडेला वर वळलेला पंख असतो. तो हवा ओढून गवत उभे करतो. वाळूने हा पंख पातळ होत जातो. तो पत्र्यासारखा झाला किंवा पात्याला चीर गेली की पाते भंगारात टाकावे. वाकलेले पाते ठोकून सरळ करणे आणि तुटलेल्याला वेल्डिंग मारणे, ही दोन कामे ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी करू नयेत. तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो आणि समोर कोण उभे आहे हे पाहत नाही.

गोल्फच्या हिरवळीवरचे मशीन मात्र वेगळे असते. तिथे गवत काही मिलिमीटर उंचीवर राखायचे असते, म्हणून बडिंगच्या पद्धतीचा पिळदार पात्यांचा रूळ आणि खाली एक स्थिर पाते असते. दोन्ही मिळून कात्रीसारखे कापतात. त्याची परीक्षा कागदाच्या पट्टीने घेतात. रूळ हाताने फिरवावा आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ कापली जाते का ते पाहावे. शिंप्याची कात्री लावणारा कारागीर हे काम लवकर शिकेल.

बेअरिंग आणि पट्टा

पाते ज्या दांड्यावर बसते तो स्पिंडल. त्यात दोन बेअरिंगे असतात. मशीन बंद करून पाते हाताने हलवून पाहावे. वर-खाली खेळत असेल किंवा फिरवताना खरखर वाजत असेल, तर बेअरिंग गेले समजावे. या वेळी बदलले तर दोन-चारशे रुपयांच्या बेअरिंगवर काम भागते. तसेच चालवले तर स्पिंडलचे घर झिजून मोठे होते, पट्टा तिरका पळतो, पत्र्याच्या डेकला तडे जातात आणि खर्च हजारांत जातो.

इथे एक व्यापारी खुबी आहे. कंपनीच्या पुस्तिकेत भागाला कंपनीचा लांबलचक नंबर असतो आणि तो भाग मागवायला आठवडे लागतात. पण बेअरिंग काढून पुसले तर त्याच्या कडीवर ६२०३, ६२०४ किंवा ६२०५ असा जगभर चालणारा नंबर पुष्कळदा सापडतो. ६२०४ म्हणजे आतून २० मिलिमीटर, बाहेरून ४७ आणि जाडी १४, मग ते कोणत्याही चांगल्या कंपनीचे असो. असा माल नागदेवी स्ट्रीटवर त्याच दिवशी मिळतो. फक्त दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलेच घ्यावे, कारण याला गवताचा रस, धूळ आणि पावसाचे पाणी सोसायचे असते. नामांकित कंपनीच्या खोक्यात नकली माल भरूनही विकला जातो, म्हणून भाव फार कमी सांगितला की सावध व्हावे आणि पक्के बिल घ्यावे.

इंजिनाचा जोर पात्यांपर्यंत नेणारा पट्टा दुसरा. चिरा, सुटलेले धागे, काचेसारखी चकाकी, यांपैकी काहीही दिसले की तो बदलावा. येथे लांबी-रुंदी जुळली म्हणजे काम झाले असे नाही. या मशीनच्या पुष्कळ पट्ट्यांत आत अरामिड धाग्याची दोरी असते, कारण पाती सुरू करताना पट्ट्याला झटका आणि घसरण सोसावी लागते. पिठाच्या गिरणीचा साधा पट्टा तिथे बसतो, पण थोड्याच दिवसांत जळतो. सूत पाहून कापडाची जात ओळखणाऱ्यांना वेगळे सांगायला नको की वरून सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्यांची किंमत आतल्या धाग्यात असते.

पट्टा बदलताना पुल्या हाताने फिरवून पाहाव्यात. मोटरसायकलची चेन बदलताना झिजलेले स्प्रॉकेट ठेवले तर नवी चेन फुकट जाते, तसेच अडकणाऱ्या पुलीवर नवा पट्टा चढवला तर तो पट्टा फुकट जातो. ग्राहक नंतर पट्ट्याला आणि तुम्हाला, दोघांनाही नावे ठेवतो.

इंजिन आणि आपला पाऊस

इंजिनाची देखभाल पुस्तिकेप्रमाणे करावी. साधारण प्रथा अशी की नव्या इंजिनाचे पहिले ऑईल पाच-आठ तासांनी आणि पुढे दर ५० तासांनी बदलावे, एअर फिल्टर २५ तासांनी झाडून पाहावा, प्लग १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलावा. धुळीच्या ठिकाणी हे अंतर कमी करावे. फाटक्या फिल्टरने चालवलेले इंजिन आतून कानशीने घासल्यासारखे होते.

आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. ओले गवत डेकच्या आत थापून बसते, त्याखाली पत्रा कुजतो. ते लाकडी पट्टीने खरवडून काढावे. पाण्याचा जोरदार फवारा स्पिंडलवर मारू नये, कारण पाणी सीलमधून आत शिरते आणि ग्रीस बाहेर काढते. दुसरी गोष्ट पेट्रोलची. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. छोट्या इंजिनांच्या पुस्तिका मात्र बहुतेक १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरचे नाजूक भाग खराब करते. म्हणून मशीन महिनाभर उभे राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे आणि रबरी नळ्या दर वर्षी तपासून बदलाव्यात. ही दुरुस्ती येत्या काळात वाढणार आहे, कमी होणार नाही.

हात आधी, काम नंतर

पात्याखाली हात घालण्यापूर्वी चावी काढावी, प्लगची वायर उपटून दूर बांधावी, बॅटरीचा निगेटिव्ह सोडावा. नुसत्या जॅकवर मशीन उचलून खाली शिरू नये, पक्के ठोकळे लावावेत. पाते अडवायला लाकडाचा तुकडा लावावा, पाय किंवा हात नव्हे.

ड्रायव्हर सीटवरून उठला की पाती किंवा इंजिन बंद पाडणारा स्विच सीटखाली असतो. काही ठिकाणी माळी कंटाळून त्याला वायर जोडून निकामी करतात, आणि दुरुस्तीवालाही ती जोडणी तशीच सोडून बिल फाडतो. आमच्या मते हा स्विच चालू केल्याशिवाय मशीन परत देणे म्हणजे ग्राहकाशी दगा आहे. मशीन साहेबाचे असते, पण त्यावर बसणारा गरीब माणूस असतो. त्याचा पाय गेला तर त्याचे घर उद्ध्वस्त होते.

धंद्याचा हिशेब

कोणी विचारेल, अशी मशीने शहरात आहेत तरी किती? प्रश्न रास्त आहे. केवळ बसून चालवायच्या मशीनवर दुकान चालणार नाही, आणि चालू धंदा सोडून कोणी यात उडी घ्यावी असा सल्ला आम्ही देणार नाही. पण ज्याला ही पाती, बेअरिंगे आणि पट्टे समजले, त्याला ढकलायचे मशीन, झुडपे कापायचे मशीन, फवारणी पंप आणि छोटा जनरेटरही समजतो. ही सर्व एकाच माळ्याच्या शेडमध्ये असतात. बॅटरीवर चालणारी मशीने वाढत आहेत हेही खरे. त्यांना ऑईल-प्लग लागत नाही, पण पाते बोथट होणे आणि बेअरिंग झिजणे त्यांनाही चुकत नाही. भिवंडीत अनेक माग भंगारात गेले, त्यांचे जॉबर हाताला काम शोधत फिरतात. शिवणयंत्र दुरुस्त करणारेही तयार कपड्यांमुळे निम्मे रिकामे असतात. कानाने बेअरिंग आणि बोटाने धार ओळखणारे हे हुनर भंगारात घालण्यासारखे नाही.

काम मिळवायचे तर सुटे बिल न फाडता वर्षाचा करार मागावा. पावसाळ्यापूर्वी एक आणि नंतर एक अशी पूर्ण तपासणी, मधल्या काळात ठरलेल्या तासांनी धार आणि ऑईल, आणि प्रत्येक मशीनची एक वही. वहीत तारीख, मीटरचे तास, बदललेला भाग आणि त्याचा नंबर लिहावा. आपण उधारीची वही जशी ठेवतो तशीच ही ठेवावी. दुसऱ्या वर्षी कोणता पट्टा किती तास टिकला हे वहीच सांगते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला समजावण्यात तासभर घालवावा लागत नाही.

उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून आहे आणि ती मोफत आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा जो कायदा आहे, त्यानुसार नोंदणी असलेल्या लहान सेवादात्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त अडकवता येत नाहीत. मोठ्या कंपनीच्या दारात बिलासाठी चकरा मारणाऱ्या कारागिराने हा कागद जवळ ठेवावा.

दुकानदार बांधवांनाही एक सांगणे आहे. सुटे भाग विकणाऱ्याने नंबर न पाहता "बसेल, घेऊन जा" म्हणू नये. जुना भाग काउंटरवर मागवावा, मोजावा, मग नवा द्यावा. आणि मशीन घेणाऱ्या संस्थांनी सर्वात कमी भावाच्या कोटेशनवर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पाती, पट्टे आणि बेअरिंग किती दिवसांत मिळतील? त्यांचा भाव काय? दुरुस्तीला कोण येईल? या तिन्हींचे उत्तर नसेल तर ते स्वस्त मशीन पहिल्याच पावसाळ्यात महाग पडेल.

सर्वात शेवटी जबानीची गोष्ट. ज्याला मशीन उघडता येत नाही तो ग्राहक तुमच्या शब्दावर अवलंबून असतो. झिजलेला भाग त्याच्या हातात द्यावा, झीज बोटाने दाखवावी, आणि जो भाग अजून चालेल त्याला चालेल म्हणावे. न गेलेले बेअरिंग गेले सांगून एकदा चारशे रुपये मिळतील, पण तो ग्राहक पुन्हा दारात येणार नाही. "हा पट्टा अजून एक हंगाम चालेल, साहेब" असे म्हणणाऱ्या कारागिराला त्या सोसायटीचे पुढचे काम मिळते आणि शेजारच्या सोसायटीचेही मिळते. कापडाच्या धंद्यात आम्ही हेच पाहत आलो आहोत. मोजमापात खरा राहिलेला दुकानदार मंदीतही टिकतो, आणि दुरुस्तीच्या धंद्याला तर तराजूही नसतो. तिथे कारागिराचा शब्द हाच तराजू.